गटारीनंतरची तिसरी रात्र

श्रावण लागला की आमच्या वॉर्डात दारूचे पेशंट वाढतात. गटारीला शेवटची पिऊन माणसं महिनाभरासाठी एकदम बंद करतात, आणि वीस वर्षं रोज पिणाऱ्या शरीराला ते झेपत नाही. पहिल्या दिवशी हात थरथरतात, दोन दिवसांत फीट येऊ शकते, तिसऱ्या रात्रीच्या सुमारास भ्रम. सोडा, पण डॉक्टरांना विचारून सोडा, हे मी दरवर्षी जीव तोडून सांगते.

मालवणकडचा हा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख, फीट येऊन पडल्यावर आला. आधीच्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोज लावून पाठवलं होतं. अशा पेशंटला थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-१, आधी द्यायचं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. एवढं अजूनही सांगावं लागतं याचा संताप येतो.

तिसऱ्या रात्री तो कॉटवर उठून बसला आणि जाळं ओढायला लागला. हवेतलं जाळं. मनगट वळवून, दोर मांडीखाली दाबून, अगदी तालात. भ्रमात माणूस कधीकधी आपलंच काम करत राहतो. विटा रचणारा गवंडीही मी पाहिलाय. हा मात्र मध्येच थांबायचा, फरशीकडे पाण्यात बघावं तसा बघायचा आणि एकच नाव घेऊन हाक मारायचा. पंख्याची सावली भिंतीवर फिरत होती म्हणून मी पंखा बंद केला, ट्यूब चालू ठेवली, आणि रात्रभर तेच तेच सांगत राहिले: मी सिस्टर, हे हॉस्पिटल, आज शनिवार. इंजेक्शन डॉक्टर लिहून देतात. हे कुणी लिहून देत नाही.

तो शुद्धीवर आल्यावर त्याच्या बायकोने मला बाजूला घेतलं. "बाय, त्येंका न सांगता चायतून गोळी देवया?" नाही म्हणाले. दारू सोडवायची ती गोळी पोटात आहे हे माहीत नसताना कुणी दारू प्यायलं तर जिवावर बेततं.

मग एका दुपारी मी त्याला त्या नावाबद्दल विचारलं. अकरा वर्षांपूर्वी रात्री दर्यात पडलेला जोडीदार. सापडला नाही. सुकाणावर हाच होता. "पिऊचा मन आता नाय, सिस्टर. पण काळोखात सुकाण धरूक भंय वाटता."

याआधी तो दोनदा आमच्याकडेच दाखल होता. मी जुने कागद काढले. किती प्यायचा, कधीपासून, लिव्हर कसं, सगळं होतं. रात्री कशाची भीती वाटते, हे कुणीच विचारलेलं नव्हतं. त्यातले अर्धे कागद माझ्या अक्षरातले.

नारळी पौर्णिमेला तो जेटीवर आला, नारळ सोडला, बोटीवर चढला नाही. गणपतीनंतर म्हणाला, चुलतभाऊ पीत नाही, त्याच्यासोबत एक रात्र जातो. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली होती. मीच म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा. बोटीवर बाटली असते, जुने सोबती असतात, ही कारणं खरीच होती. पण तो बोटीवर गेला त्या रात्री मला झोप नाही, आणि तेव्हापासून विचार करतेय की ते "थांबा" त्याच्यासाठी होतं की माझ्यासाठी.

पहाटे साडेपाचला फोन वाजला. मागे इंजिनाची धडधड.

"सिस्टर, उजाडला."

"भीती वाटली?"

"रातभर वाटला. सुकाण सोडूक नाय."