हनोईची कावड, निळी नोट आणि शाकाहारी माणसाचे जेवण

नागपूरच्या ज्या एजंटाकडून आम्ही व्हिएतनामची तिकिटे काढली, त्याने दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या: तिकडे सगळे स्वस्त आहे आणि शाकाहारी माणसाची मुळीच आबाळ होत नाही. पहिली गोष्ट अर्धीच खरी निघाली आणि दुसरी आपण स्वतः खटपट करून खरी करून घ्यावी लागते. आंबिया बहराची संत्री विकून हात मोकळे झाल्यावर माघात आम्ही दोघे वरूडहून निघालो आणि कोलकातामार्गे पहाटे हनोईला उतरलो. ई-व्हिसा 25 डॉलरमध्ये घरबसल्या मिळतो, त्या दिवसांत तिथे थंडी आणि भुरभुर पाऊस असतो, आणि दिवसभर पायी भटकण्याची ज्यांना सवय नाही त्यांना या शहराच्या गल्लीतले खाणे साधणार नाही, एवढे सांगून मुद्द्याकडे वळतो.

मुद्दा आहे होआन किएम तळ्याच्या उत्तरेकडील जुन्या पेठेतल्या जेमतेम दोनशे पावलांच्या रस्त्याचा. या पेठेतील गल्ल्यांना एकेका मालाची नावे आहेत आणि त्यांतून बाया खांद्यावर कावड घेऊन फळे विकत हिंडतात. श्रावणात अकोल्याला राजेश्वरासाठी पाणी आणतात तशीच ही कावड, फक्त घागरींच्या जागी टोपल्या. रात्रभराचे जागरण झालेले असताना ओळखीची वस्तू दिसली म्हणून पत्नी हरखली. त्या बाईने हसत कावड तिच्या खांद्यावर दिली, आपली शंकूसारखी टोपी तिच्या डोक्यावर ठेवली आणि मला फोटो काढण्याची खूण केली. फोटो काढून होईपर्यंत केळी आणि अननसाच्या फोडींची पिशवी भरून तयार होती. भाव विचारला तेव्हा बाईने दोन बोटे दाखवली. मी वीस हजार डोंग समजून निळी नोट काढून दिली आणि मुक्कामी येऊन हिशेब लावला तेव्हा ती पाच लाखांची असल्याचे कळले.

रुपयाला साधारण तीनशे डोंग धरले, तर सत्तर रुपयांच्या जागी साडेसोळाशे रुपये गेले. पाच-सहा केळी आणि अर्धा अननस! एवढ्या रकमेसाठी आमच्या बागेतली किती संत्री तोडावी लागतात, हा हिशेब मी परतीच्या विमानातही करत होतो. बाईने फसवले की माझ्या डोळ्यांनी, हे मला आजही ठरवता येत नाही; पण ती नोट घेऊन ज्या वेगाने वळली, तो वेग काही टोपल्या भरलेल्या माणसाचा नव्हता.

म्हणून मागून जाणाऱ्यांनी 20,000 आणि 5,00,000 या दोन्ही निळ्या नोटा एका खिशात कधीही ठेवू नयेत. नोटा प्लास्टिकच्या असल्याने कोऱ्या असताना एकमेकींना चिकटतात, त्यामुळे देताना बोटाने सोडवून शून्ये मोजावीत. पाट्यांवर शेवटची तीन शून्ये गाळून भाव लिहितात, तेव्हा 50 म्हणजे पन्नास हजार. भाव बोटांवर कधी ठरवू नये. मोबाइलवर पूर्ण आकडा लिहून समोरच्याकडून होकार घ्यावा. कावडीला हात लावू नये. आणि पहिल्या दिवशी झोप काढल्याशिवाय रस्त्यावर पाकीट उघडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जेवण. आपण मीठ घालतो तिथे ही मंडळी नुओक माम घालतात, म्हणजे लहान मासे मिठात कित्येक महिने आंबवून काढलेले पाणी. भाजीत मासा दिसत नाही म्हणून ती शाकाहारी ठरत नाही. एजंटाने खास सुचवलेला तळलेला टोफू आणि तांदळाच्या शेवया आम्ही मागवल्या. वर हिरवागार पाला, त्यात आम्ही ज्याला सांबार म्हणतो ती कोथिंबीरही होती. सोबत जांभळट वाटी आली. ती आंबवलेल्या कोळंबीची होती. पत्नी वासानेच उठून बाहेर गेली, आणि मीही वाटी दूर सारून कोरड्या शेवया कशाबशा संपवल्या.

बान्ह मी हा भरलेला पाव चांगला असतो, पण शाकाहारी हवा असल्यास आत काय घालतात ते समोर उभे राहून पाहावे. लहान लिंबासारखे आंबट फळ पिळून दिलेला उसाचा रस आपल्या रसवंतीपेक्षा सरस आहे, हे कबूल करताना जीवावर येते. अंड्याची कॉफी 1946 साली दुधाच्या टंचाईतून निघाली. बलक साखरेसह घुसळून वर ओतलेला असतो. मला ती आवडली, पत्नीने तिच्याकडे पाहिलेही नाही.

खरा उपाय एका शब्दात आहे. व्हिएतनामी भाषेत शाकाहाराला ‘चाय’ म्हणतात. आपल्या कानांना तो चहा वाटतो, आणि आपल्या तोंडून तो त्यांना काय वाटतो कोण जाणे, कारण मी दोनदा मागितल्यावर एकाने खरोखर चहाच आणला. तेव्हा शब्द बोलू नये, मोबाइलवर त्यांच्या लिपीत दाखवावा आणि पाटीवर तोच शब्द शोधावा. तिथले बौद्ध लोक चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार टाळतात. माघी पौर्णिमेला आम्ही हनोईतच होतो. त्या दिवशी एका देवळाजवळच्या साध्या खानावळीत भात, टोफू, अळंबी आणि पालेभाजी असे जेवण मिळाले, आणि पत्नीने प्रवासात प्रथमच दुसऱ्यांदा भात मागितला. तिकीट काढण्यापूर्वी भिंतीवरचे पंचांग पाहून पौर्णिमा हनोईत पडेल असा बेत आखावा.