गुलमर्गला जाताय? मग मुक्काम वरच करा

नागपूरहून निघणाऱ्या बहुतेक काश्मीर पॅकेजमध्ये गुलमर्ग म्हणजे श्रीनगरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत. गोंडोला (केबल कार), फोटो, गरम मॅगी, झालं! नुसता बर्फ बघायचा असेल तर तेवढं पुरे. पण स्की पायात घालायची हौस असेल, तर दोन-तीन रात्री वरच काढा. खालून पोचेस्तोवर अकरा वाजतात, बूट-कपड्यांत आणखी तास जातो, आणि तीन वाजले की ड्रायव्हर हाका मारायला लागतो. शिकायची खरी वेळ सकाळची, उतारावर गर्दी नसते तेव्हाची.

आम्ही फेब्रुवारीत गेलो. चिल्लई कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस, तेव्हा सरलेले असतात आणि बर्फ बहुधा चांगला साचलेला असतो. डिसेंबर-जानेवारीच्या बर्फाचा भरवसा नाही. जानेवारी 2024 मध्ये तर गुलमर्ग जवळजवळ कोरडंच होतं.

विमानाने दिल्लीमार्गे जाणार असाल तर दिल्लीत भरपूर वेळ हाताशी ठेवा, धुक्यात सकाळची विमानं रखडतात. जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. त्यामुळे नागपूरहून रेल्वेने कटरा गाठून पुढे जाता येतं, वाटेत 359 मीटर उंचीचा चिनाब पूलही लागतो. वेळ असेल तर मी हाच रस्ता सुचवेन.

श्रीनगर ते गुलमर्ग साधारण 50 किलोमीटर. बर्फ पडला की साध्या गाड्या घाटाच्या पायथ्याच्या टनमर्गलाच थांबवतात. पुढचा घाट साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाडीने चढायचा, आणि त्याचं भाडं वेगळं. म्हणून टॅक्सी ठरवतानाच विचारा, "टनमर्गपर्यंत की गुलमर्गपर्यंत?" टनमर्गला गमबूट आणि कोट भाड्याने मिळतात. पैसे देण्याआधी बुटात हात घालून बघा, आधीच्या गिऱ्हाइकाचा ओलावा आत असतो.

आता स्कीइंग. स्कीचे बूट हे एक प्रकरणच आहे. प्लास्टिकचे, कडक, नडगीला घट्ट आवळणारे. एकच पातळ लांब मोजा घाला. दोन घातले तर घडी पडून पाय सोलतो. पहिले दोन तास आम्ही फक्त पडायला आणि उठायला शिकलो. मग उताराला आडवं उभं राहून कडेकडेने वर चढायचं, आणि स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकवून थांबायचं. प्रशिक्षक बायकोला सारखा म्हणत होता, "दीदी, घुटना मोडो, पीछे मत झुको." घाबरलं की माणूस मागे झुकतो, आणि मागे झुकलं की स्की सुसाट सुटते! तिसऱ्या सकाळी ती माझ्याआधी वळायला शिकली, हे तिनं नागपुरात सगळ्यांना सांगून झालंय.

प्रशिक्षक, स्की, बूट, काठ्या यांचा दर तासाचा की दिवसाचा, ते आधी ठरवा. स्लेजवाले आणि घोडेवाले मागे लागतात; पोटाचा प्रश्न आहे त्यांचा, पण नको असेल तर पहिल्यांदाच स्पष्ट नाही म्हणा.

गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन काढावं लागतं आणि हंगामात लवकर संपतं, म्हणून हॉटेलच्याही आधी ते बघा. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरवर. वारा सुटला की दुसरा बंद. नवख्यांचे उतार खालीच आहेत, त्यामुळे शिकण्यासाठी गोंडोला लागतच नाही. वरचा मोकळा बर्फ हिमस्खलनाचा आहे. तिथे मुरलेल्या स्कीअरनीही वाटाड्याशिवाय जाऊ नये. समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरच्या आत राहणारे आपण नागपूरकर, पहिल्या दिवशी डोकं दुखलं तर पाणी प्या, धावपळ नको.

बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड हवं. रोख बाळगा. वीज जाते, त्यामुळे गरम पाणी आणि विजेच्या ब्लँकेटला जनरेटर आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. चिवडा-शेव सोबत असू द्या. तर्रीची सवय असलेल्या जिभेला तिथलं शाकाहारी जेवण दुसऱ्याच दिवशी फिकं लागतं. कहवा मात्र कितीही प्या.

परतीच्या आदल्या रात्री श्रीनगरला उतरून या. रात्रीत बर्फ पडला तर घाट सकाळी उशिरा मोकळा होतो, आणि श्रीनगर विमानतळावर आवाराच्या फाटकापासूनच सामान उतरवून तपासणी सुरू होते. तीन तास आधी पोचा.