आप्पांच्या जीपला दुसरं इंजिन

आमची महिंद्राची एमएम ५४० जीप आप्पांनी १९९१ साली घेतली. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला शेत आहे. पावसाळ्यात तिथली काळी माती चाकाला अशी धरते की ट्रॅक्टर सोडला तर ही एकच गाडी बांधावरून बाहेर निघते. गेल्या मे महिन्यात तोरणमाळच्या घाटात तिचं पाणी उकळलं आणि ती बसली. मिस्तरींनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. तिसऱ्या लायनरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीवर, नख फिरवलं की अडकत होतं, आणि हेडला दोन व्हॉल्व्हच्या मधोमध केसाएवढी चीर.

जुनं इंजिन म्हणजे प्युजोचं एक्सडीपी, २११२ सीसी. चालायचं तेव्हा गोड चालायचं, पण त्याचं हेड आता मिळता मिळत नाही. दुरुस्त करून पुन्हा तेच बसवावं असं मला आधी वाटत होतं. महिनाभर हेड शोधलं. धुळे, जळगाव, थेट इंदूरपर्यंत फोन केले. जे मिळालं ते आधीच वेल्डिंग केलेलं होतं.

मग दोन पर्याय उरले. एक, त्याच घराण्यातलं मोठं इंजिन, एक्सडी३पी, २४९८ सीसी. ते जागेवर सहज बसतं, पण सुट्या भागांचं रडगाणं पुन्हा तेच. दुसरा, महिंद्राचं २५२३ सीसी डीआय, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजिन, जे बोलेरोत वर्षानुवर्षं आलं. याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, १०१.६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर ४ इंच, जुन्या इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाइतकाच. खालच्या आरपीएमला ओढ, हिवाळ्यात हीटर प्लग तापायची वाट बघायला नको, आणि फिल्टरपासून पिस्टनपर्यंत सगळं तालुक्याच्या दुकानात मिळतं. आमच्याकडे हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं. मी डीआय ठरवलं.

ठरवलं म्हणजे लगेच विकत घेतलं असं नाही. मिस्तरी म्हणाले, "भाऊ, इंजिन घ्यायला एक दिवस लागतो. ते बसणार कुठे, ते आधी बघू." तेव्हापासूनचे तीन महिने फक्त मापं घेण्यात गेले आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं मला वाटत नाही.

आधी वेगाचं गणित. जुनं इंजिन ४५०० आरपीएमपर्यंत जायचं, डीआयची पूर्ण ताकद ३२०० ला येते. म्हणजे तेच गिअर, तीच चाकं ठेवली तर टॉपचा वेग सरळ कमी होणार. किती, ते काढायला मागच्या डिफरेन्शियलचा, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या गोळ्याचा, रेशो हवा: चाकांच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या. मागचं एक चाक जमिनीवर ठेवलं, दुसरं जॅकवर उचललं, चाकाला आणि गिअरबॉक्सकडून येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टला खडूने खुणा केल्या. एक चाक अडलेलं असलं की दुसऱ्याच्या दोन फेऱ्या म्हणजे दोन्ही चाकांची एकेक फेरी. उचललेलं चाक पूर्ण दोन वेळा फिरवलं तेव्हा शाफ्टच्या पाच फेऱ्या भरायला थोडी कसर राहिली. म्हणजे ४.८८, ८ दातांवर ३९ दात. जीप ढकलून पाहिली तर चाकाच्या एका फेरीला सव्वादोन मीटर जमीन जात होती. हिशेब आला ताशी साधारण ८८ किलोमीटर. मला महामार्गावर कुणाशी शर्यत लावायची नाही, शेतात आणि घाटात ओढ हवी. रेशोला हात लावायचा नाही हे तिथेच ठरलं.

खरा प्रश्न खाली होता. पुढच्या डिफरेन्शियलचा गोळा आणि इंजिनाचं ऑइल चेंबर यांच्यामध्ये किती जागा उरते? खड्ड्यात स्प्रिंगचे पाटे दबले आणि चेंबर गोळ्यावर आपटलं तर जंगलात तेल सांडून बसावं लागेल. मिस्तरींच्या शेडमध्ये डीआयचा एक तडकलेला, रिकामा ब्लॉक पडून होता. त्याला चेंबर लावलं, चेन ब्लॉकने जीपमध्ये उतरवलं आणि चेसीसवर लाकडी गुटक्यांवर ठेवलं. घरून बायकोने घट्ट कणीक मळून दिली होती. तिचा लिंबाएवढा गोळा डिफरेन्शियलवर बसवला, वर तेलाचं बोट फिरवलं, आणि बंपरवर डीएपीच्या ५० किलोच्या गोण्या एकेक करून चढवत गेलो. पाटे रबराला टेकले तेव्हा थांबलो. गोण्या उतरवून कणीक काढली तर पोळीसारखी चपटी झाली होती. पट्टी लावली, ९ मिलिमीटर.

९ पुरत नाही. इंजिन रबरावर बसतं, हलतं, शिवाय ओतीव लोखंडाचं हे वजनदार इंजिन पाटे कायमचे थोडे दाबून ठेवणार. मागे सरकवलं तर फायरवॉल, म्हणजे इंजिनामागची पत्र्याची भिंत, आड येते. शेवटी इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन १२ मिलिमीटर उचलायचं आणि पुढच्या पाट्यांत एक पान वाढवायचं ठरलं. बोनेटखाली फिल्टरची जागा त्यानंतरही उरते, तेही कणकेनेच तपासलं.

गिअरबॉक्स, क्लच आणि क्लचवरचं आवरण, बेल हाउसिंग, इंजिनासोबतचंच घ्यायचं. मधे अडॅप्टर प्लेट टाकून जुना गिअरबॉक्स जोडता येतो, पण प्लेटचा मध्य जरा चुकला तरी क्लच आणि शाफ्टचं बेअरिंग खातो. गिअरबॉक्सची लांबी बदलली की दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट कापून जुळवावे लागणार, आणि नंतर बॅलन्सिंग. रेडिएटर नळ्यांच्या चार रांगांचा, पंख्याभोवती पत्र्याचं आवरण हवंच. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो आणि घाटात पहिल्या गिअरला गाडीला वारा मिळत नाही, सगळं पंख्यावर असतं. खर्चाच्या वहीत मी इंजिनाला जेवढे पैसे धरले, तेवढेच या किरकोळ वाटणाऱ्या कामांना धरले आहेत.

आणि कागद. आरसीवर इंजिन नंबर आहे, २११२ सीसी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं.  म्हणून आधी लेखी परवानगी, मग काम. गपचूप इंजिन बदललं आणि उद्या अपघात झाला, तर विमा कंपनीपुढे आपण काय दाखवणार? एमएच १८ च्या आमच्या आरटीओ कार्यालयात अर्ज दिला आहे. ज्या गाडीतून इंजिन निघणार तिचे कागद आणि पक्कं बिल मिळणार असेल तरच इंजिन घ्यायचं, हे भंगारवाल्याला सांगून ठेवलं आहे.

परवानगी येईपर्यंत चेसीसला वेल्डिंगचा एकही टाका मारायचा नाही, असं मिस्तरींना बजावलं आहे. जीप शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. आप्पा रोज सकाळी जाऊन ताडपत्री उचलून बघतात. काल म्हणाले, "इंजन बदल, पन गाडी तीच राहू दे."

मापांची वही मी त्यांच्या हातात दिली. चष्मा लावून त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली.