वरचं दूध

चिऊला सहावा महिना लागला आणि सासूबाईंनी सुरुवात केली, "आता वरचं दूध लाव गं. अंगावरच्या दुधात कस राहत नाही." माझी २६ आठवड्यांची रजा संपत आली होती, त्यामुळे मलाही ते सोयीचं वाटत होतं. पाणी घालून थोडं थोडं द्यायचं, आमच्या सगळ्यांना तसंच दिलंय, हे त्यांचं पालुपद.

डॉक्टरबाईंनी मात्र साफ नाही म्हटलं. वर्षाच्या आत गाईचं दूध प्यायला द्यायचं नाही. त्यात लोह अगदी नावापुरतं, प्रथिनं मात्र आईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट, क्षारही जास्त. लहान मूत्रपिंडांवर त्याचा ताण येतो, शिवाय काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारं रक्त जातं. चमचाभर दही चालेल, दुधाचा पेला नाही. मग सहा महिने ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या फायलींच्या साक्षीने, पंपाने दूध काढलं. त्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन.

पहिला वाढदिवस झाला आणि नवा प्रश्न: गाईचं दूध आणायचं कुठून? आम्ही गोरेगाव पूर्वेचे. शहरातले तबेले बाहेर काढून १९४९ साली आरे कॉलनी वसवली, तेव्हापासून इथल्या जुन्या लोकांना तबेल्याच्या ताज्या दुधाशिवाय दुसरं दूध दूधच वाटत नाही. पण तबेल्यात म्हशी! आमचा भैया छातीवर हात ठेवून सांगायचा, "बेबी के लिए गाय का अलग लाता हूँ." तापवलं की त्या 'गाईच्या' दुधावर भाकरीएवढी जाड साय. शेवटी पिशवीवर आले आणि फॅटचे आकडे वाचायला शिकले. गाईचं साडेतीन टक्के, टोन्ड तीन, फुल क्रीम सहा. आम्ही गाईचं घेतलं. दोन वर्षांपर्यंत मुलांना स्निग्धांश लागतो, त्यामुळे साय काढायची नाही आणि पाणीही घालायचं नाही, एवढं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं.

चांदीच्या वाटीतून पहिला घोट दिला. चिऊने तो तोंडात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे माझ्या ड्रेसवर सोडला. नंतर चार दिवस वाटी दिसली की ओठ गच्च. तिचंही बरोबरच होतं म्हणा. आईचं दूध गोड असतं, त्यात सुमारे सात टक्के दुग्धशर्करा, गाईच्या दुधात पाचही नाही. सासूबाई म्हणाल्या, चिमूटभर साखर घाल. तिथे मी अडून बसले.

उपाय सापडला तो मिसळण्याचा. तीन भाग माझं दूध, एक भाग गाईचं, अंगाच्या उबेइतकं कोमट. तीन-चार दिवसांनी निम्मं-निम्मं. पुढे एकास तीन. मध्ये एकदा मी घाईने टप्पा ओलांडला तर दोन दिवस संप. तिसऱ्या आठवड्यात ती नुसतं गाईचं दूध वाटीने प्यायली, फार नाही, पन्नासेक मिली.

अंगावरचं एकेक करून कमी केलं. दुपारचं सगळ्यात आधी, कारण तेव्हा मी ऑफिसातच असायचे. संध्याकाळचं सुटणं कठीण गेलं. लोकलमधून उतरून, रिक्षाची रांग लावून घरी यायचे, दारातून तिचा आवाज आला की पान्हा फुटायचाच. मग दार उघडायच्या आधी नवरा तिला खाली घेऊन जायचा आणि मी चोरासारखी घरात शिरायचे. छाती दगडासारखी व्हायची. थंड पाण्याच्या घड्या, आणि अगदी सहन होईना तेव्हा हाताने थोडंसंच काढणं. पूर्ण रिकामं केलं की शरीर आणखी दूध तयार करतं. शेजारच्या काकूंनी कोरफडीचा गर लावायला सांगितलं होतं, म्हणजे कडू लागून पोर आपोआप सोडेल. मला ते जमलं नाही. रात्रीचं मी सोडवलंच नाही.

आता माझी खरी चूक. चौदाव्या महिन्यात सासूबाईंनी बाटली आणली आणि चिऊ दूध गटागटा प्यायला लागली. घरात आनंदीआनंद. जेवली नाही? दूध दे. झोपत नाही? दूध दे. मी काही बोलले नाही, कारण एवढ्या खटाटोपानंतर तिला दूध पिताना बघून मलाही बरं वाटत होतं, आणि झोपही हवी होती. दिवसाला आठशे मिली कधी झालं ते कळलंच नाही. वरण-भाताला तोंड लावेना, शी खडा झाली, चेहरा फिका. सासूबाई म्हणत, "गोरी होतेय." रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. पोट दुधाने भरलं की लोह असलेलं अन्न आत जातच नाही, आणि दुधातलं कॅल्शियम उरलंसुरलं लोहही नीट शोषू देत नाही. बाटली त्याच दिवशी बंद. दिवसाला जास्तीत जास्त ४०० ते ५०० मिली, तेही पेल्यातून, जेवणानंतर तासाभराने. लोहाचे थेंब दुधापासून लांब, लिंबाच्या रसाच्या दोन थेंबांसोबत. (शी काळी होते, घाबरू नका. मी घाबरून रात्री अकराला फोन केला होता.) ताटात अंड्याचा बलक, मसुराची आमटी, खजूर आले.

बाटलीसाठी पाच रात्री रडणं चाललं. सहाव्या दिवशी तिने माझ्या ताटातला बोंबील ओढून घेतला.

आता ती अठरा महिन्यांची आहे. हिमोग्लोबिन ११.२. रात्रीचं अंगावरचं अजून चालू आहे, आणि ते कधी सुटणार हा प्रश्न विचारायचा मक्ता शेजारच्या काकूंकडे गेलाय. सासूबाईंनी स्टीलच्या पेल्यावर नेलपेंटची लाल रेघ मारून ठेवली आहे. तेवढं संपलं की पेला पालथा घालून चिऊला सांगतात, "गाय झोपली गं बाई."