सोन्यावर लेझरने नाव कोरताना येणारा काळपटपणा

अक्षरांच्या कडेला काळसर-तपकिरी झाक दिसली की गिऱ्हाईक आधी सोन्यावरच संशय घेतं. तालुक्याच्या सराफ्यात, जिथे तीन पिढ्यांचे व्यवहार एकाच दुकानाशी असतात, तिथे ही शंका फार महागात पडते. खरं तर त्यातलं सोनं काळं पडतच नाही. 22 कॅरेटमध्ये 91.6 टक्के सोनं, 18 कॅरेटमध्ये 75 टक्के; बाकी मुख्यतः तांबं आणि चांदी. लेझरच्या उष्णतेने तांब्याचं हवेत ऑक्साइड होतं, ते काळं. म्हणून 18 कॅरेटचा दागिना, त्यातही रोझ गोल्ड, लवकर काळवंडतो.

पण प्रत्येक काळा डाग ऑक्साइडचा नसतो, आणि इथेच बहुतेक जण घाईने तेजाबाकडे, म्हणजे अ‍ॅसिडकडे वळतात. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड भिजवून डाग पुसा. बडला काळं-तपकिरी लागलं तर ती उडालेल्या धातूची बारीक धूळ आहे, किंवा जळालेला मळ. पुसून निघालं नाही तर ऑक्साइड धरून चाला. दागिना तिरपा केल्यावर डाग उजळत असेल, तर तिथे काळं काही नाहीच. खोदलेला तळ खडबडीत झालाय, त्यात उजेड अडकतोय.

मळाचा बंदोबस्त सुरुवातीलाच करावा. पॉलिशचं रूज (चमक आणायचा लाल मसाला), बोटांचं तेल, वापरातल्या अंगठीच्या आत बसलेला साबण, हे सगळं जळून कोळसा होतं. कोमट साबणपाणी घालून अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये (ध्वनिकंपनांनी मळ काढणारं यंत्र) 3 ते 5 मिनिटं, मग स्वच्छ पाणी, मग अल्कोहोल, आणि पूर्ण कोरडं. त्यानंतर बोट लावायचं नाही.

सेटिंगमध्ये चूक नेहमी एकाच दिशेची होते. सोनं फायबर लेझरचा 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण सुमारे 98 टक्के परत फेकतं, म्हणून कारागीर पॉवर वाढवतो आणि वेग कमी करतो. पृष्ठभाग वितळला की तोच जास्त किरण शोषू लागतो आणि सगळी जादा उष्णता आजूबाजूला पसरते. 20 वॅटच्या साध्या फायबर मशीनवर पॉवर 60-70 टक्के, वेग 600-800 मिलिमीटर प्रति सेकंद, फ्रीक्वेन्सी (सेकंदाला पडणारे लेझरचे ठोके) 20-30 किलोहर्ट्झ आणि हॅच, म्हणजे अक्षर भरणाऱ्या शेजारच्या रेघांमधलं अंतर, 0.03 मिलिमीटर इथून सुरुवात करा, तीही त्याच कॅरेटच्या तुकड्यावर. खोली हवी तर वेग उतरवू नका, फेरे वाढवा. दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन सेकंद थांबा आणि दर वेळी हॅचच्या रेघांचा कोन बदला. शेवटी पॉवर 15-20 टक्के, वेग 1500, फ्रीक्वेन्सी 60-80 असा एक हलका फेरा द्या. तो धूळ उडवतो आणि तळ सपाट करतो. हा फेरा वाचवू नये.

देवनागरीत एक खास अडचण आहे. ‘शारदा’ लिहिताना शिरोरेषा आणि काना जिथे एकमेकांवर येतात तो चौकोन दोनदा जळू शकतो; भिंगातून पाहिलं तर काळे ठिपके नेमके त्या सांध्यांवरच दिसतात. कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं कर्व्ह करून वेल्ड करा (एकमेकांवर येणारे भाग एकसंध आकारात जोडा), मगच मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या.

धूळ ओढणारा पाइप कामापासून 5 ते 7 सेंटीमीटरवर, एका बाजूला ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय दुकानात बसवत नाही, पण त्याची हवा मशीनवर येऊ देऊ नका. ती धूळ परत अक्षरांवर बसवते आणि लेन्सवर दमट थर चढवते. रोझ गोल्डचं काम नियमित असेल तर वेल्डिंगवाल्याकडचा आरगॉन, म्हणजे कामापासून हवा दूर ठेवणारा वायू, घ्या: मिनिटाला 5-8 लिटर, किरण सुरू व्हायच्या आधी दोन-तीन सेकंद सोडायचा, खिडकी उघडी ठेवायची. बंद खोलीत आरगॉन जीवघेणा आहे. डोळ्यांना 1064 नॅनोमीटर लिहिलेलाच चष्मा हवा, कारण मंगळसूत्राच्या वाटीच्या गोलाईवरून किरण कुठेही वळतो.

तरीही ऑक्साइड राहिलंच, तर 9 भाग पाण्यात 1 भाग गंधकाचं तेजाब (सल्फ्युरिक अ‍ॅसिड). तेजाब पाण्यात ओतायचं, पाणी तेजाबात कधीच नाही. द्रावण 60 अंशांच्या आसपास, दोन-तीन मिनिटं पुरतात. चिमटा प्लॅस्टिकचा किंवा तांब्याचा घ्या. लोखंडी चिमटा बुडवला तर द्रावणातलं तांबं सोन्यावर बसून गुलाबी थर येतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून धुवा. मोती, मीना, दोऱ्यात ओवलेले काळे मणी यांना तेजाब लावू नका.

काही कामांना नाहीच म्हणावं. लाखेने भरलेल्या पोकळ दागिन्यात लाख तापून मऊ होते आणि फटीतून धूर येऊन आतून डाग देते. जुन्या केडीएम डागावर, म्हणजे कॅडमियम घालून केलेल्या सोन्याच्या सांध्यावर, लेझर मारला तर कॅडमियमचा विषारी धूर निघतो. एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यावर मुलामा उडून खालचं पितळ उघडं पडतं, ते काळं होणारच. हॉलमार्कच्या सहा अक्षर-अंकी एचयूआयडीजवळ (दागिन्याच्या ओळख क्रमांकाजवळ) तर किरण जाताच कामा नये.

वजनाचंही आधीच बोलून घ्या. 10 बाय 2 मिलिमीटरच्या नावात एक तृतीयांश जागा खोदली आणि खोली 0.05 मिलिमीटर ठेवली, तर 22 कॅरेटमध्ये साधारण 6 मिलिग्रॅम सोनं जातं. मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर आधी आणि नंतर, दोन्ही वेळा गिऱ्हाइकासमोर तोलून पावतीवर लिहा.