आमची वाटचाल: आधी बोलणं, मग कात्री

आमचे आजोबा धोकटी घेऊन साताऱ्याजवळच्या गावांतून फिरायचे. बलुत्याचं काम. सुगीला धान्य मिळायचं आणि त्यावर वर्षभराची दाढी-कटिंग, जावळं, लग्नकार्यं. त्यांना कुणाला फारसं विचारावं लागत नसे, कारण गावातलं एकेक डोकं जावळापासून त्यांच्या हाताखालून गेलेलं. कुणाला दोन भोवरे आहेत, कुणाच्या मानेवरचे केस उलटे वर वाढतात, हे त्यांना तोंडपाठ. वडिलांनी पोवई नाक्याच्या बाजूला गाळा भाड्याने घेतला आणि अनोळखी माणसं खुर्चीत बसू लागली. विचारून काम करायची गरज तिथून सुरू झाली.

दुकान माझ्याकडे आलं २००४ साली. त्यानंतर खुर्च्या वाढल्या, एसी लागला, फरशी बदलली. पण गिऱ्हाईक टिकलं ते कात्री उचलण्याआधीच्या दोन मिनिटांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

‘मिडियम करा’ हे आमच्याकडे रोज कानावर पडणारं वाक्य. कॉलेजातल्या पोराचं मिडियम आणि बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचं मिडियम यात चांगला दोन बोटांचा फरक असतो. म्हणून आम्ही बोटांनीच विचारतो: वर किती ठेवू, एक बोट की दोन? बाजूला मशीन मारायची असेल तर नंबर. एक नंबरचा गार्ड, म्हणजे मशीनच्या तोंडाला लावायचा कंगवा, साधारण ३ मिलिमीटर केस ठेवतो, दोनचा ६, तीनचा १०, चारचा १३. ‘साइड बारीक’ म्हणणाऱ्याच्या मनात एक नंबर असू शकतो किंवा तीन नंबरही, आणि कानाच्या वर कातडी दिसणार की नाही, हे तेवढ्यावरच ठरतं. नंबर ठाऊक नसला तर आम्ही मोठ्या गार्डने सुरुवात करतो, थोडा भाग आरशात दाखवतो आणि मग एकेक नंबर खाली येतो. यात वेळ जातो. जाऊ द्यावा.

आमचा जिल्हा फौजींचा. मिलिटरी अपशिंग्यासारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घरटी कुणी ना कुणी सैन्यात. सुट्टीवर आलेला जवान खुर्चीत बसला की आमचा पहिला प्रश्न असतो, ‘सुट्टी किती दिवसांची, दादा?’ केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. महिनाभराची सुट्टी असेल आणि शेवटी घरात लग्न असेल तर आज वरचे केस हलवायचे नाहीत, नुसती मान आणि कल्ले साफ करायचे. युनिटला परत जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने पुन्हा यायचं, तेव्हा सोल्जर कट. हा हिशेब गिऱ्हाइकाने तारीख सांगितल्याशिवाय लागत नाही. म्हणून मी सगळ्यांनाच सांगतो, केस कसे हवेत याबरोबर कशासाठी हवेत तेही बोला. नोकरीची मुलाखत आहे, उद्या साखरपुडा आहे, हेल्मेट घालून रोज एमआयडीसीत जावं लागतं, सकाळी भांग पाडायलाही वेळ नसतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने कटिंग बदलते.

चष्मेवाल्यांची गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. एप्रन बांधताना चष्मा काढला की माणसाला समोरच्या आरशात स्वतःचा चेहराही धड दिसत नाही. मग तो विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला मान हलवतो. आमच्याकडे सगळं बोलणं चष्मा डोळ्यांवर असतानाच उरकायचं असा नियम आहे. काडी कानावर कुठे बसते ते पाहून कल्ल्यांची उंची ठरवायची आणि काम झाल्यावर चष्मा हातात देऊन पुन्हा विचारायचं. कानाला यंत्र लावणारे आजोबा येतात, त्यांचंही तसंच. यंत्र काढण्याआधी बोलून घ्यायचं.

हल्ली मुलं मोबाइलवर फोटो आणतात. फोटो जरूर आणावा, त्याने अर्धं काम सोपं होतं. मात्र फोटोतल्या माणसाचे केस सरळ आणि दाट असतील आणि आपले कुरळे असतील, तर तो कट आपल्या डोक्यावर वेगळा बसणार. कुरळा केस ओला असताना लांब दिसतो आणि वाळला की वर चढतो, त्यामुळे तिथे आम्ही जरा जास्तच लांबी राखतो. भोवऱ्यावर केस फार आखूड केले की ते उभे राहतात. पातळ केसांवर थिनिंगची, म्हणजे केस विरळ करायची, कात्री चालवू नये. हे गिऱ्हाइकाला आधीच समजावून सांगणं कारागिराचं कर्तव्य आहे. एखादा कट शोभणार नसेल तर मी तोंडावर सांगतो आणि जवळचा दुसरा सुचवतो. गेल्या खेपेला काय आवडलं नव्हतं, हेही सांगावं. ‘मागच्या वेळी कानावर फार चढलं होतं’ एवढ्या एका वाक्यातून आम्हाला खूप कळतं.

२०२० च्या टाळेबंदीत धंदा पार थांबला. राज्य सरकारने २८ जूनपासून सलून उघडायला परवानगी दिली, ती केस कापण्यासारख्या ठरावीक कामांपुरती, दाढीला मनाई. दोघांच्याही तोंडाला मास्क, त्यात पंख्याचा आवाज. एकमेकांचं अर्धंच ऐकू यायचं. तेव्हा आम्ही दुकानातला टीव्ही बंद केला, तो पुन्हा लावलाच नाही. कापताना काही विचारायचं असेल तर कात्री आधी थांबवायची, ही शिस्तही त्याच काळात पक्की झाली; माणूस बोलताना मान हलवतोच. तीच विनंती मोबाइलबद्दल. मान खाली घालून स्क्रीन बघत बसलं की मागची लाइन सरळ येत नाही.

आमचे दोन कारागीर उत्तर प्रदेशातले आहेत. हात फार चांगला. मराठी त्यांना आता छान येते, सुरुवातीला बोटं आणि नंबर यांनीच निभावलं. शेवटी मागचा आरसा धरायचा आणि गिऱ्हाईक स्वतःहून ‘ठीक’ म्हणेपर्यंत एप्रन सोडायचा नाही, हे त्यांनी माझ्याइतकंच मनापासून घेतलं आहे.

माझी मुलगी दुकानाचा हिशेब बघते. तिने एक वही सुरू केली: नाव, बाजूचा नंबर, वरची लांबी, मान गोल की चौकोनी, भांग कुठल्या बाजूला. पुण्याला नोकरीला गेलेली आमची जुनी गिऱ्हाइकं तिथल्या खुर्चीत बसून फोन करतात आणि आपले आकडे विचारतात. ती वही उघडते, वाचून दाखवते आणि बऱ्याचदा तिकडच्या कारागिराशी मीच थेट बोलतो.