टीबी, गोवंडी आणि तीन मीटरचं अंतर

एमबीबीएसला असताना पीएसएमचा तास म्हणजे हक्काची झोप. प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, नाव ऐकूनच जांभई यायची. सर फळ्यावर 'आरोग्याचे निर्धारक' असं लिहून त्याखाली उत्पन्न, घर, पाणी, शिक्षण, काम, आहार अशी लाइन लावायचे आणि मागच्या बाकावर सर्जरीच्या गप्पा चालू. आता मला कुणी विचारलं की हे निर्धारक म्हणजे काय बुवा, तर मी व्याख्याबिख्या सांगत नाही, सरळ म्हणतो मुंबईतल्या गोवंडीला जा आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये भर दुपारी एखाद्या तळमजल्याच्या घरात जाऊन बस.

भर दुपारी तिथे ट्यूब लावलेली असते. रेल्वे रुळांच्या कडेची, रस्ता रुंदीकरणात गेलेली माणसं इथे आणून ठेवली, प्रत्येक कुटुंबाला २२५ चौरस फुटांची खोली, सात-सात मजली बिल्डिंगा आणि दोन बिल्डिंगांच्या मध्ये जागा किती, तर जेमतेम तीन मीटर. खिडकी आहे, नाही असं नाही, पण ती बंद असते, कारण वरच्या मजल्यांवरून कचरा खालच्या बोळात पडतो आणि उघडली की वास, डास, उंदीर सगळं आत. म्हणजे नकाशात खिडकी आहे, घरात नाही. बाई दिवसभर आत, पोरं आत, एक म्हातारं खोकतंय तेही आत.

टीबीचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. वारा खेळता असेल तर ते विरळ होतात, उन्हानं मरतात. इथे दोन्ही नाही. २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या लोकांचा एक अभ्यास आला, गोवंडी-मानखुर्द भागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा (आणि त्याला पैसे एमएमआरडीएचेच, म्हणजे लोकांना अशा वसाहतींत हलवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचेच होते, हे विशेष). नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये साधारण दहा घरांमागे एका घरात टीबी निघाला, आणि पीएमजीपी कॉलनीत, जिथे बिल्डिंगा जरा लांब लांब आहेत, तिथे शंभर घरांमागे एकात. तीच गरिबी, महापालिकेचा तोच एम-पूर्व वॉर्ड, तेच देवनारचं डम्पिंग ग्राउंड शेजारी. आणि जसजसं वरच्या मजल्यावर जाल तसतसा टीबी कमी.

पॉप्युलेशन हेल्थ, म्हणजे एकेका माणसाचं नाही तर अख्ख्या वस्तीचं आरोग्य, म्हणतात ते हेच. जेफ्री रोझ नावाच्या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञानं १९८५ मध्ये मांडलं होतं की या माणसाला आजार का झाला आणि या वस्तीत आजार एवढा का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर ओपीडीत मिळतं, डायबेटिस आहे, दारू आहे, घरात कुणाला होता, वगैरे. दुसऱ्याचं ओपीडीत बसून मिळतच नाही. मी सहा महिन्यांची औषधं देईन, पेशंट बराही होईल, पण तो परत त्याच खोलीत झोपायला जाणार आणि पुढच्या वर्षी त्याची बहीण किंवा शेजारी माझ्यासमोर येणार, मग मी नक्की काय बरं केलं?

आता गंमत ऐका, म्हणजे राग येईल अशी गंमत. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, मांडवीला, ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. त्यानंतर १८९८ मध्ये सरकारनं बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्यांचं म्हणणं असं की अंधाऱ्या कोंदट खोल्यांमुळे रोग होतो. प्लेगच्या बाबतीत ते साफ चुकीचं, तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. ट्रस्टनं गरिबांची घरं पाडली खूप आणि बांधली कमी, तेही खरं. पण त्यांनी एक नियम केला, साडेत्रेसष्ट अंशांचा. समोरच्या बिल्डिंगच्या माथ्यापासून तुमच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत रेघ ओढली तर ती जमिनीशी याहून जास्त कोन करता कामा नये. शाळेतली त्रिकोणमिती काढा बाहेर: याचा अर्थ उंचीच्या निम्मी तरी जागा मोकळी सोडायची. सात मजले म्हणजे धरा एकवीस मीटर, तर मधे साडेदहा मीटर. गोवंडीत आहेत तीन! म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीच्या गोऱ्या साहेबाला चुकीच्या कारणासाठी का होईना जे कळलं ते आपल्याकडे पुनर्वसनाच्या नावाखाली नियमात सूट देऊन घालवलं. हे घालवणारा कुणी डॉक्टर नव्हता, आणि म्हणूनच आरोग्य खात्याच्या कुठल्याही रिपोर्टात त्याचं नाव येत नाही.

बरं, आता त्या बिल्डिंगा काही लगेच पाडता येत नाहीत. मग दुसरा निर्धारक धरायचा, ताट. झारखंडमध्ये एका अभ्यासात काही टीबी पेशंटच्या घरच्यांना महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. बाकीच्या पेशंटांच्या घरी फक्त पेशंटला धान्य दिलं, घरच्यांना नाही. २०२३ मध्ये निकाल छापून आला: पोटभर मिळालेल्या घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी, आणि फुप्फुसाचा, म्हणजे दुसऱ्याला लागणारा, ४८ टक्क्यांनी. डाळ-तांदूळ हो! कुठल्या कंपनीनं एवढा गुण येणारी लस काढली असती तर पेपरात पहिल्या पानावर आली असती. सरकार पेशंटला पोषणासाठी महिना ५०० द्यायचं, २०२४ च्या शेवटी १००० केले, बरं झालं, पण डाळीचा भाव बघता त्यात अख्खं घर कसं जेवणार.

आणि हे फक्त गोवंडीचं नाही हां. आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चाललंय, परवा मीटिंग होती. कार्पेट एरिया किती, कॉर्पस किती, पार्किंग एक की दोन यावर दोन तास भांडण. मी विचारलं मागच्या टॉवरपासून आपली भिंत किती लांब, तर आर्किटेक्टनं लॅपटॉपवर जरा शोधाशोध केली आणि म्हणाला फायर ब्रिगेडच्या नियमात बसतंय सर. म्हटलं बंब आत येईल हो, ऊन येईल का ते सांगा. सेक्रेटरी म्हणाले डॉक्टर, हा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ.